सातव्या मिनिटाचा सूर

१२ जून

चि. भुंगा,

या नावाने हाक मारायचा हक्क माझ्याकडे उरला आहे की नाही, माहीत नाही. पण तुझं सासरचं पूर्ण नाव लिहायला गेलो, तर ते वीजबिलावर छापल्यासारखं दिसलं. तीन कागद फाडले. चौथ्यावर हात आपोआप 'भुंगा' लिहून मोकळा झाला. चौऱ्याऐंशी पूर्ण झाली. हात आता माझं फारसं ऐकत नाही.

तुझा पत्ता मावशीने दिला. देताना म्हणाली, "भावोजी, पत्र घाला, पण रडगाणं नको. ती दिवसभर बहिऱ्या माणसांशी ओरडून बोलते. घरी येऊन तुमचं कोण वाचणार?" तुझं कानाच्या यंत्रांचं दुकान चांगलं चाललं आहे, हेही तिनेच सांगितलं. बरं वाटलं. आपल्या घरात वारसा म्हणावा असा कानच काय तो होता.

कामाचं आधी लिहितो. रेडिओ केंद्राच्या तळघरातल्या जुन्या टेपा आता एका ध्वनिसंग्रहाकडे गेल्या आहेत. त्यात तुझ्या आईचं ते थेट प्रक्षेपण सापडलं. साडेनऊ मिनिटं, धडधाकट, कुठे तुटलेलं नाही. एक्केचाळीस वर्षं ते तिथे पडून होतं आणि मी समजत होतो की कधीच पुसून त्यावर बाजारभाव भरले असतील. संग्रहातली एक चष्मेवाली मुलगी घर शोधत आली आणि सांगून गेली. बिचारीला वाटलं, मी आनंदाने उडी मारीन. या वयात उडी मारली तर खाली येताना चार माणसं लागतील, असं म्हणून मी वेळ मारून नेली.

टेप लोकांना ऐकवायची तर वारसांच्या सह्या हव्यात. वारस दोघेच, मी आणि तू. फॉर्म सोबत आहे. पेन्सिलने फुली केली आहे तिथे सही कर आणि उलट टपाली पाठव. टेप ऐकलीच पाहिजे असं फॉर्ममध्ये कुठेही म्हटलेलं नाही, मी दोनदा वाचून पाहिलं. तुझी आई शेवटपर्यंत निर्दोष वाजवते, एवढं माझ्याकडून कळलं म्हणजे झालं. उगाच खपली काढू नये.

काम संपलं. आता दोन ओळी बिनकामाच्या.

छापखान्यावरच्या त्या दोन खोल्या आठवतात ना? खाली यंत्र सुरू असलं की आपली जमीन थडथडायची, म्हणून छापखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत आईचा रियाज चाले. न्यायालयात टंकलेखन करून करून तिची पाठ अशी ताठ झाली होती, की मी म्हणायचो, हिला उभी करून भिंतीचा ओळंबा तपासावा. मी रेडिओदुरुस्तीच्या दुकानातून जेवायला यायचो आणि जेवण बाजूला राहायचं. त्या विजेच्या पेटीसमोर ती उभी, दोन्ही हात हवेत, कशालाच न लागलेले, आणि खोलीभर तो सूर, माणसाच्या गळ्याचा म्हणावा तर नाही, तारेचा म्हणावा तर नाही. हात न लावता वाजणाऱ्या त्या वाद्याचं मूळ नाव परदेशी होतं, थेरेमिन. आईने त्याचं नाव ठेवलं 'अधांतरी'. शेजारचे मास्तर म्हणायचे, "वहिनी हवेत कपडे वाळत घालतात आणि त्याला गाणं म्हणतात."

तू रांगत जवळ यायचीस आणि सूर 'घूं' करून घसरायचा. "आला भुंगा," आई म्हणायची. मग मी पेटीभोवती खडूची रेघ मारली. वाजवणं चालू असताना रेघेच्या आत कोणी यायचं नाही, हा आपल्या घरातला पहिला नियम. चार वर्षांची तू रेघेला अंगठे टेकवून उभी राहायचीस, पुतळ्यासारखी.

शाळेत आम्हाला कविता चालीवर म्हणायला लावत. गुरुजी पट्टीने टेबलावर ठेका धरत. मला बाकी विषयांत शून्य, कविता मात्र साऱ्या पाठ. अजून त्या पट्टीचा ठेका ऐकू येतो आणि त्यात तुम्ही दोघी दिसता.

सही लवकर पाठव.

बाबा

२ जुलै

चि. भुंगा,

उत्तर नाही, म्हणजे कामात असशील. मावशीला विचारलं. ती म्हणाली, "तिने फाडलं नाही, एवढं मला ठाऊक आहे. पुढचं तुमचं तुम्ही बघा, मला मध्ये घेऊ नका."

चष्मेवाली पुन्हा येऊन गेली. सोबत टेपेची नक्कल, लहानसं यंत्र आणि एक फोटो. मला वाटलं, नातीच्या वयाची पोर, हिला पहिल्यापासून समजावावं लागेल. उजवीकडची उभी दांडी सुराची. हात जवळ नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो. डावीकडचं आडवं कडं आवाजाचं. त्यावर हात खाली आणला की आवाज बारीक. आणि वाजवणाऱ्याचं सगळं अंगच वाद्याचा भाग असतं. तो मागे झुकला, तरी सूर उतरतो. ती म्हणाली, "आजोबा, हे मला येतं. मला ही काठी सांगा."

फोटो स्टुडिओतला. आई हात उचलून उभी, पाठीशी टेकायला उंच स्टूल, आणि मागच्या जाड पडद्याच्या फटीतून एक लांब दांडा पेटीपर्यंत आलेला.

"पडद्याची असेल," मी म्हटलं.

तिने यंत्र लावलं. साडेसहा मिनिटांपर्यंत मी डोळे मिटून बसलो होतो. काय वाजवायची गं ती. मग पोरीने बोट वर केलं. "आता ऐका. बाई सूर धरतात तेव्हा हाताला बारीक कंप देतात. इथे तो कंप थांबतो. म्हणजे हात थिजलाय. पण सूर जागेवर आहे. हात चुकतो आणि सूर चुकत नाही, हे कसं? आणि इथून मागची खरखर एकदम वाढते. कोणीतरी काचेपलीकडे आवाज वाढवलाय." थोडं पुढे नेऊन म्हणाली, "आणि इथे सूर एकदाच हलतो. कोणी जवळ आल्यासारखा."

मी म्हटलं, जुनी टेप आहे, ताणली गेली असेल. ती म्हणाली, असेल. तिचा चेहरा मात्र तसं म्हणत नव्हता.

तुला सांगायला हरकत नाही, काठी पडद्याची नव्हती. तुला ती ठाऊक आहे. सुरुवातीला सूर लावण्यापुरती आहे, असं मी तुला सांगितलं होतं. पेटीत जुन्या रेडिओसारखे काचेचे व्हॉल्व्ह असतात. ते तापले की सूर हळूहळू उतरतो. घरी आई थांबायची, मी बटण फिरवायचो. थेट प्रक्षेपणात थांबणार कसं? आणि मी बटणाशी गेलो, तर माझ्याच अंगाने सूर बिघडणार. म्हणून दीड पुरुष लांब लाकडी दांडा बटणाला जोडला आणि त्याचं टोक घेऊन पडद्यामागे उभा राहिलो. त्या दिवशी सूर थोडा उतरला होता. मी थोडा चढवला. माझं कामच ते. न्हाव्याने केस कापले, तर त्यात लपवण्यासारखं काय?

तरी त्या पोरीशी खोटं का बोललो, कळत नाही. म्हातारपणी माणूस उगाचच खोटं बोलतो.

फॉर्म हरवला असेल, तर दुसरा पाठवतो.

बाबा

१७ जुलै

चि. भुंगा,

तुझं कार्ड आलं. चाळीस वर्षांनंतर तुझं अक्षर पाहिलं. अजून 'क'ची शेपटी तशीच लांब काढतेस. मजकूर तीन ओळींचा, पण मी सकाळपासून वाचतो आहे. "आधी टेप ऐकीन, मग सही. पाच तारखेला येते. संग्रहातच भेटू."

ये. येऊ नकोस असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण टेप ऐकायचा हट्ट सोड. त्यांचं यंत्र काही फार चांगलं नाही. शिवाय मावशी म्हणाली, तुला रक्तदाबाची गोळी सुरू झाली आहे. आणि ऐकून करणार काय? दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र तू वाचलं आहेस. मीच तुला कात्रण दाखवलं होतं. "सातव्या मिनिटानंतर सूर असा स्थिरावला की वाजवणारीला देहच उरला नसावा," असं त्या समीक्षकाने लिहिलं होतं.

ते कात्रण कधी दाखवलं, तेही तुला आठवत असेल. आई गेली, त्याच आठवड्यात. तू दारात उभी राहून म्हणालीस, "ती झुकली होती. मी बघितलं. मी उठलेही होते." मी ते कात्रण तुझ्यासमोर धरलं आणि म्हटलं, अख्ख्या गावाने ऐकलं, कोणाला काही जाणवलं नाही, तुला एकटीला कसं दिसलं? भास झाला तुला. प्रक्षेपणाचा लाल दिवा विझेपर्यंत ती ठणठणीत होती.

तू कात्रण पुन्हा पुन्हा वाचलंस. मग मान खाली घातलीस. आठवड्याभरात तू घर सोडलंस आणि मी मावशीला सांगितलं की पोरीचं डोकं दुःखाने फिरलं आहे.

तेच तुला आज पुन्हा लिहायला बसलो होतो. दिवा विझेपर्यंत ती

वाक्य पुरं होत नाही. मघापासून पेन तिथेच टेकवून बसलो, शाई पसरली. पत्र असंच टाकतो आहे.

बाबा

१८ जुलै

भुंगा,

काल पत्र टाकलं आणि टपालपेटीसमोरच उभा राहिलो. फटीतून हात घालून ते परत काढता येतं का, हे बघत होतो. एक बाई म्हणाल्या, "आजोबा, हात अडकेल." घरी आलो. आज आहे ते लिहितो. तुझा धंदाच कानांचा आहे. ती टेप तुझ्या कानी पडली की तुला सात मिनिटांत सगळं कळेल. ते टेपेकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढाच आता माझा स्वार्थ.

त्या दिवशी आईने वाजवलेली चाल कोणाची होती, हे तुला माहीत नाही. निवेदकाने 'पारंपरिक' म्हणून सांगितलं, कारण मला लाज वाटली होती. चाल माझी होती. कविताही माझी. वाजवून संपलं, की निवेदक तिच्या चार ओळी वाचणार होता.

नको शिवूस तू मला, दुरून साद दे,
दुरून हात हालता, मनास नाद दे;
तुझ्या नि माझिया मधे असेच अंतर,
तयात सूर नांदतो, सुरेल सुंदर.

'अंतर' आणि 'सुंदर' जुळलं म्हणून मी आठवडाभर हवेत होतो. सोल्डरिंगच्या धुरात आयुष्य काढलेल्या माणसाची कविता रेडिओवरून जाणार होती. गुरुजी जिवंत असतील तर ऐकतील, असंसुद्धा मनात येऊन गेलं. आई म्हणाली होती, "अहो, ओळी गोड आहेत, पण बायकोला 'शिवू नकोस' म्हणणारा कवी पहिल्यांदाच बघतेय." आणि खूप हसली होती.

सहा मिनिटं पन्नास सेकंद. सूर उतरू लागला. व्हॉल्व्हचा सूर कसा उतरतो, ते मला झोपेतही कळतं. उन्हात मेण मऊ होतं तसा, एका गतीने. हा तसा नव्हता. हा हिसक्याने उतरला, थांबला, पुन्हा उतरला. हे व्हॉल्व्ह नव्हेत, हे मला त्याच क्षणी कळलं. फटीतून पाहिलं. ती मागे, स्टुलाच्या बाजूला कलली होती. डावा हात हळूहळू कड्याकडे उतरत होता आणि आवाज बारीक होत होता. त्या जागी आवाज बारीक करायचा नव्हता. चाल माझी, मला माहीत होतं.

आणि मी काठी फिरवली. सूर जागेवर आणला. ती आणखी कलली, मी आणखी फिरवली. काचेपलीकडच्या ध्वनिमुद्रकाला मोकळ्या हाताने खूण केली, वाढव. त्याने वाढवला. त्याला ती पाठमोरी दिसत होती, त्याचा दोष नाही. तिच्या अंगात जे काही बिघडत होतं, ते एक एक करून मी सुरातून काढून टाकत होतो. बाहेर लोकांना स्वच्छ, स्थिर सूर ऐकू जात होता. त्या समीक्षकाला जो देह नसल्यासारखा वाटला, तो सूर हा. शेवटची दोन मिनिटं निम्मी तिने वाजवली आणि निम्मी मी.

सात मिनिटं बारा सेकंद. तू भिंतीजवळच्या खुर्चीवरून उठलीस. एकोणीस वर्षांची होतीस. रेघ तिथेही मारली होती. तुझा पाय आत पडला आणि सूर हलला. त्या पोरीने बोट ठेवून दाखवलेली जागा हीच. मी पडद्यातून तुझ्याकडे डोळे वटारले. लहानपणी वटारायचो तसे. आणि तू पाय मागे घेतलास. आम्हीच तसं शिकवलं होतं तुला. तुझ्या जागी दुसऱ्या कोणाचीही मुलगी असती, तर तिने धावत जाऊन आईला धरलं असतं.

मग कविता वाचली गेली. निवेदकाने 'नांदतो'च्या जागी 'नादतो' म्हटलं आणि, भुंगा, मला त्याचा राग आला, तेव्हासुद्धा. लाल दिवा विझला. ती पडली ती थेट मायक्रोफोनच्या लोखंडी बुडख्यावर.

डॉक्टरांनी विचारलं, कधी सुरू झालं? मी म्हटलं, दिवा विझल्यावर, एकदम. त्यांनी लिहून घेतलं. पुढे ते म्हणाले की झटका तसा हलका होता, त्यातून त्या सावरल्या असत्या. वाचा गेली ती डोक्याला लागल्यामुळे. कोणी वेळेवर धरून बसवलं असतं तर, असं म्हणत ते थांबले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, कारण मी रडत होतो. त्यांना वाटलं, दुःखाने. अकरा महिने ती अंथरुणावर होती. मी तिला भरवत होतो, कूस बदलून देत होतो, पुसून घेत होतो. गावाने मला देवमाणूस ठरवलं. तिला बोलता येत नव्हतं, याचा मला आधार वाटायचा.

तुला भास झाला नव्हता. तू बघितलंस ते खरं होतं.

आता पाच तारखेला यायचं की नाही, तू ठरव.

बाबा

९ ऑगस्ट

भुंगा,

तू आलीस. मला वाटलं नव्हतं.

संग्रहाच्या त्या लहान खोलीत तू पिशवीतून तुझे स्वतःचे हेडफोन काढलेस, तेव्हा चष्मेवाली मला बाहेर बसा म्हणाली. काचेच्या दारातून तुझी पाठ दिसत होती. आईसारखीच ताठ. टेप दोनदा ऐकलीस. दुसऱ्यांदा हात पुढे करून यंत्र मध्येच थांबवलंस, थोडं मागे नेलंस, पुन्हा थांबवलंस. कुठे थांबवत होतीस, ते मी बाहेरून मोजू शकत होतो.

मग घरी आलीस. मी चहा टाकला आणि साखर किती, हे मला विचारावं लागलं. "नको, तुम्ही बसा," तू म्हणालीस. लहानपणी मला 'अरे बाबा' म्हणायचीस. 'तुम्ही' ऐकलं आणि बसलो.

"तो हेलकावा मी आहे ना?" तू विचारलंस. "सात बारा."

"हो."

"चाळीस वर्षं मला माझ्याच डोळ्यांची खात्री नव्हती. एखादा माणूस म्हणाला की तुमच्या यंत्रातून शिट्टी येते आणि मला नाही आली, तर मी आधी स्वतःचे कान तपासून घेते. नवरा म्हणतो, तू दाराला कुलूप लावून तीनदा का परत जातेस? काय सांगू त्याला? माझ्या बापाने मला शिकवलं की तुला दिसतं ते नसतं."

मी माफी मागायला लागलो, तर तू हात वर केलास. रागाने नाही. दुकानात गिऱ्हाईक मध्येच बोलायला लागलं, की करत असशील तसा.

सही केली आहे, असं म्हणालीस. लोकांनी टेप ऐकावी. पण प्रत्येक टेपेबरोबर संग्रहात माहितीचं एक कार्ड असतं, ते मी लिहायचं. कोणी काय वाजवलं, ते खरं लिहायचं. "गोड भाषा नको," तू म्हणालीस. "आणि यमक तर मुळीच नको."

दारात चपला घालताना, माझ्याकडे न बघता, एकच प्रश्न विचारलास. "तुम्ही काठी फिरवताय, हे आईला कळलं होतं?"

मी कपबशा उचलल्या आणि मोरीत नेऊन धुवायला लागलो. नळ सोडला. नळ बंद केला तेव्हा जिन्यावर तुझी पावलंसुद्धा नव्हती.

कार्ड काल लिहून दिलं. चष्मेवालीने वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. नक्कल तुला पाठवतो आहे. त्यात असं आहे: "वादक आजारी पडल्यानंतर, सहा मिनिटं पन्नास सेकंदांपासून, सूर वादकाच्या पतीने पडद्यामागून काठीने सांभाळला. आवाज त्याच्याच सांगण्यावरून वाढवला गेला. सात मिनिटं बारा सेकंदांवर ऐकू येणारा हेलकावा वादकाच्या मुलीच्या पावलाचा आहे. ती आईला धरायला उठली होती. तिला थांबवण्यात आलं." चष्मेवाली म्हणाली, "'थांबवण्यात आलं' नको. कोणी थांबवलं ते लिहा." मी खोडून 'पतीने थांबवलं' असं केलं.

आता तुझा प्रश्न.

वाजवताना मान वळवायची नसते. डोकं वळलं, तरी सूर हलतो. एकवीस वर्षांत वाजवताना तिने कधी मान वळवली नव्हती. खाली छापखान्यात कागदाच्या गठ्ठ्यांची थप्पी कोसळली, तेव्हासुद्धा नाही. त्या दिवशी, तू पाय मागे घेतल्यानंतर थोड्या वेळाने, तिने मान वळवून पडद्याच्या फटीकडे पाहिलं. सूर उतरला. मी तो चढवला आणि चढवताना तिने पाहिलं. तोंडाची डावी बाजू ओघळली होती. डोळे मात्र नेहमीचे होते, शुद्धीतले. घाबरलेली नव्हती. घरी चाल बसवताना ज्या नजरेने विचारायची, त्याच नजरेने विचारत होती. थांबू का?

मी मोकळा हात उचलला आणि दोन बोटं हवेत गोल फिरवली. चालू ठेव.

तिने मान सरळ केली आणि चालू ठेवलं.

हे कार्डावर नाही. लिहायचं असेल तर सांग. दुसरं कार्ड मागून आणतो. जागा लहान असते, पण एवढं मावेल.

बाबा